चालता येईल असा रस्ता मागताना

नगरच्या वर्तमानपत्रांत एक छायाचित्र सारखे दिसते: आयुक्तांच्या दालनात उभे असलेले शिष्टमंडळ, मधोमध एक कागद आणि खाली ‘विविध मागण्यांचे निवेदन देताना’ अशी ओळ. त्या कागदाचे पुढे काय झाले, हे सहसा छापून येत नाही. बहुतेक वेळा काहीच झालेले नसते, आणि त्याचा सगळा दोष अधिकाऱ्यांच्या माथी मारता येत नाही. ‘आमच्या भागातील रस्त्यांची दुरवस्था झाली असून त्वरित दुरुस्ती करावी’ एवढ्या वाक्यावर कनिष्ठ अभियंत्याला अंदाजपत्रक करता येत नाही. कोणता रस्ता, कुठून कुठपर्यंत, काय मोडले आहे, काय हवे आहे, यातले काहीच त्यात नसते. मग ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि तिथेच राहतो.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे पाचातले जवळपास एक. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ च्या आदेशात अडथळा नसलेला फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. तेव्हा मागताना भीड बाळगायचे कारण नाही. फक्त अभियंत्याला हातात घेऊन काम सुरू करता येईल असा कागद आपण द्यायला हवा. तो कसा तयार करायचा आणि कसा चालवायचा, ते अहिल्यानगर महापालिका डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, पाथर्डी अशा नगरपरिषदांच्या गावी आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी लिहा. बाकी रीत जवळपास हीच.

१. रस्ता कोणाचा, ते आधी शोधा

निवेदने मरतात ती बहुधा इथेच. शहरातून जाणारा प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. भिंगारमधले रस्ते छावणी परिषदेकडे आहेत. शहरातून जाणारे महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असू शकतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये खुला झालेला सक्कर चौकाकडचा उड्डाणपूल प्राधिकरणाने बांधला, त्यामुळे त्याच्याखाली चालणाऱ्यांची अडचण मांडताना प्राधिकरणाला वगळून चालत नाही. शहराबाहेर जिल्हा परिषदेचे रस्ते सुरू होतात. वाढत्या उपनगरांत आणखी एक गुंता असतो: ले-आऊट मंजूर झालेला असतो, घरे उभी राहिलेली असतात, पण आतले रस्ते विकसकाने महापालिकेकडे हस्तांतरितच केलेले नसतात. मग ‘तो रस्ता आमच्याकडे नाही’ हे उत्तर वर्षानुवर्षे मिळत राहते.

म्हणून पहिले पत्र एका ओळीचे. शहर अभियंत्यांना विचारा: ‘अमुक चौक ते तमुक चौक हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे आणि विकास आराखड्यात त्याची रुंदी किती आहे?’ आराखडा नगररचना विभागात पाहायला मिळतो. कागदावरच्या रुंदीला फार किंमत आहे. आज जागेवर तेवढा रस्ता मोकळा नसेल, तर उरलेला कुठे गेला हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

रस्ता महापालिकेचाच निघाला तरी त्यावरच्या सगळ्या गोष्टी एका खात्याकडे नसतात. डांबर आणि पेव्हर ब्लॉक बांधकाम विभागाचे, चेंबरचे झाकण ड्रेनेजचे, पथदिवे विद्युत विभागाचे, फुटपाथवरची टपरी अतिक्रमण विभागाची, रोहित्र महावितरणचे. पट्टे आणि सिग्नल यांसाठी शहर वाहतूक शाखेचे मत लागते. या सगळ्यांची नावे आधीच लिहून काढा. पुढे प्रती पाठवताना लागतील.

२. मग शेजाऱ्यांशी बोला, आणि फेरीवाल्यांशीही

गल्लीतली बैठक देवळात घ्या, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये घ्या, कुठेही चालेल. दुकानदार, रिक्षा थांब्यावरचे चालक, जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक यांना बोलवा. फुटपाथवर भाजी विकणाऱ्या मावशींनाही बोलवा, हे मी आग्रहाने सांगतो. फुटपाथची मागणी म्हणजे हातगाड्या उचला, असा अर्थ घेतला गेला की गल्लीत दोन तट पडतात आणि प्रशासनाला न हलायला कारण मिळते. कापड बाजारात व्यापारी आणि फेरीवाले यांच्यात वर्षानुवर्षे चाललेला वाद नगरकरांना माहीत आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार फेरीवाल्यांची नोंदणी आणि जागांची आखणी नगर पथविक्रेता समितीमार्फत व्हायची असते, आणि त्या समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. ‘चालण्यासाठी सलग पट्टा मोकळा ठेवून विक्रेत्यांना आखून जागा द्या’ अशी मागणी केली, तर तिच्यावर त्या मावशीही सही करतात. त्यांनाही रोज त्याच रस्त्याने घरी जायचे असते.

दुकानासमोरचा ओटा, पायऱ्या, रॅम्प आणि लावलेली दुचाकी हेही अतिक्रमणच आहे. फेरीवाल्यांवर बोट ठेवण्याआधी हे बैठकीत स्पष्ट बोलून घ्या.

३. टेप घेऊन चालत पाहणी

सर्वांत जास्त वेळ इथे घाला. संपूर्ण प्रभाग घेऊ नका. चारशे-पाचशे मीटरचा एकच तुकडा घ्या: शाळेच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत, किंवा चौकापासून दवाखान्यापर्यंत. लहान तुकड्याचे काम होऊन जाते. संपूर्ण प्रभागाच्या कामासाठी आधी निधी लागतो, आणि निधीची वाट पाहता पाहता वर्ष निघून जाते.

बरोबर पाच मीटरचा टेप, वही, खडू आणि मोबाइल असू द्या. फोटोवर तारीख, वेळ आणि स्थान आपोआप उमटवणारे जीपीएस कॅमेऱ्याचे अ‍ॅप वापरा. सरकारी कामांचे फोटो अभियंतेही असेच काढतात, त्यामुळे तुमच्या फोटोवर शंका घेतली जात नाही. दोन फेऱ्या करा, एक शाळा भरण्याच्या वेळी आणि एक अंधार पडल्यावर. बरोबर एखादी आजी आणि एक शाळकरी मूल घ्या, आणि शक्य असेल तर चाकाची खुर्ची किंवा पांढरी काठी वापरणारी व्यक्ती. त्या कुठे थांबतात, कुठे फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरतात, तिथे खडूने खूण करा आणि मोजा.

प्रत्येक खुणेसाठी वहीत एक ओळ: अनुक्रमांक, ठिकाण, काय आढळले, मोजमाप, फोटो क्रमांक, काय करावे. ठिकाण लिहिताना ‘मेडिकलसमोर’ एवढ्यावर थांबू नका, दुकाने बदलतात. जवळच्या विजेच्या खांबावर क्रमांक असेल तर तो लिहा. ‘खांब क्र. अमुक, त्यापासून ४ मीटर उत्तरेला चेंबरला झाकण नाही, भोक ६० बाय ६० सेंटीमीटर’ ही नोंद वाचून कर्मचारी थेट तिथे जाऊन उभा राहू शकतो.

मोजायचे कशाशी ताडून? इंडियन रोड्स काँग्रेसचे पादचारी सुविधांसाठीचे निकष आहेत, आयआरसी १०३. त्यांनुसार निवासी भागात फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी. खांब, झाड किंवा टपरीमुळे ती कमी झाली असेल तर उरलेली मोजा. फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे हा नियम सर्रास मोडतो: नाल्यावर स्लॅब टाकून गुडघाभर उंच फुटपाथ बांधला जातो, आणि मग म्हातारी माणसे त्याच्या शेजारून, गाड्यांच्या बाजूने चालतात. प्रत्येक फाटकापाशी फुटपाथ खाली-वर होत असेल तर तेही नोंदवा.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. रस्त्याच्या कडेला ५० मीटरवर खडूच्या दोन रेघा मारा आणि फुटपाथवर उभे राहून मोबाइलच्या घड्याळाने वेळ घ्या. ५० मीटर ६ सेकंदांत कापणारे वाहन ताशी ३० किलोमीटरने जात असते, साडेचार सेकंदांत कापणारे ४० ने. अर्ध्या तासात किती वाहने ६ सेकंदांपेक्षा कमी वेळात गेली आणि त्याच अर्ध्या तासात किती माणसांनी रस्ता ओलांडला, एवढे दोनच आकडे लिहा. शाळेसमोर हे दोन आकडे शेजारी ठेवले की फार समजावून सांगावे लागत नाही.

इथे गतिरोधकाबद्दल थोडे. लोक निवेदनात पहिली मागणी गतिरोधकाची करतात, आणि रातोरात डांबराचा एक टोकदार उंचवटा येतो. त्यावर दुचाकीवरून मागे बसलेल्या बायका पडतात, गरोदर स्त्रिया आणि मणक्याचे रुग्ण यांचे हाल होतात. आयआरसीच्या निकषांप्रमाणे ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, त्यावर पट्टे आणि अलीकडे सूचनाफलक असतो. मागणी करायचीच तर या मापांसह करा. शाळेसमोर मात्र रस्त्यापेक्षा थोडा उंच केलेला सपाट झेब्रा क्रॉसिंग मला जास्त उपयोगी वाटतो. गाडी हळू होते आणि मूल एका पातळीवर चालत पलीकडे जाते.

४. निवेदनाआधी जुने कागद मिळवा

माहितीचा अधिकार या जिल्ह्याला परका नाही. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण केले आणि राज्याच्या कायद्याची वाट मोकळी झाली. केंद्राचा कायदा २००५ चा. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, त्यावर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. मागायचे ते हे: या रस्त्यावर गेल्या पाच वर्षांत झालेल्या कामांचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, गुणवत्ता चाचणीचा अहवाल आणि दोष दायित्व कालावधी.

शेवटचा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. दोष दायित्व कालावधी संपलेला नसेल, तर खड्डे आणि उखडलेले ब्लॉक ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे असतात. मग ‘निधी उपलब्ध नाही’ हे उत्तर लागू पडत नाही.

उत्तराची मुदत ३० दिवस. न मिळाल्यास पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयात पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरे. घाई असेल तर दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात जाऊन कागद पाहा. राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाने स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये ही सोय केलेली आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलले, त्यामुळे अर्जात ‘अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर)’ असे लिहा; जुन्या नस्त्या जुन्याच नावाने आहेत.

दुसरा अर्ज पोलिसांकडे. तोफखाना, कोतवाली, भिंगार कॅम्प, एमआयडीसी यांपैकी ज्या ठाण्याची हद्द असेल, तिथून त्या तुकड्यावर तीन वर्षांत झालेल्या अपघातांची, मृतांची आणि गंभीर जखमींची संख्या मागा. नावे मागू नका, त्या कुटुंबांना त्रास होतो. महामार्गाचा तुकडा असेल तर एक निकष ध्यानात ठेवा: साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू झाले असतील, तर ती जागा अपघातप्रवण स्थळ, म्हणजे ब्लॅक स्पॉट धरली जाते.

५. निवेदन लिहा

एक पान पुरे, फार तर दीड. पाहणीचा तक्ता आणि फोटो मागे जोडा. मागण्यांचे मुदतीनुसार तीन गट करा. लगेच होणारे, महिन्याभरात होणारे आणि निधी लागणारे सगळे एकत्र लिहिले, की निधी लागणाऱ्या कामासाठी झाकणही अडकून पडते. नमुना असा:

*प्रति, मा. आयुक्त, अहिल्यानगर महानगरपालिका.*

*विषय: (रस्त्याचे नाव), (इथून) ते (तिथपर्यंत), लांबी सुमारे ४५० मीटर, प्रभाग क्र. —, येथे पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी करावयाची कामे.*

*संदर्भ: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, कलम ६३, मा. सर्वोच्च न्यायालयाचा दि. १४ मे २०२५ चा आदेश. माहिती अधिकारातील पत्र क्र. —.*

*महोदय/महोदया, आम्ही या रस्त्यालगत राहणारे व व्यवसाय करणारे नागरिक आहोत. दि. — रोजी आम्ही या रस्त्याची पायी पाहणी केली. मोजमापांचा तक्ता व फोटो सोबत जोडले आहेत. पुढील कामे व्हावीत:*

*अ) तातडीने: तक्त्यातील क्र. —, — येथील चेंबरची झाकणे बसवणे, खड्डे बुजवणे, बंद पथदिवे सुरू करणे.*

*आ) एक महिन्यात: शाळेसमोर झेब्रा पट्टे व सूचनाफलक, फुटपाथवरील राडारोडा उचलणे.*

*इ) येत्या अंदाजपत्रकात: दोन्ही बाजूंस किमान १.८ मीटर मोकळ्या रुंदीचा, १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसलेला सलग फुटपाथ, फाटकांपाशी उतार व विक्रेत्यांसाठी आखलेली जागा.*

*संबंधित अभियंत्यांनी आमच्यासमवेत स्थळपाहणी करावी व केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती द्यावी, ही विनंती.*

कलम ६३ महापालिकेच्या आवश्यक कर्तव्यांची यादी देते. सार्वजनिक रस्ते बांधणे, सांभाळणे आणि त्यांवर दिवे लावणे त्यात आहे. त्यापुढे कायद्याची कलमे लिहीत बसू नका. धमकीची भाषा नको, ‘अन्यथा तीव्र आंदोलन’ हे पहिल्याच पत्रात नको. स्थळपाहणीची विनंती मात्र कधीही गाळू नका. अभियंता एकदा तुमच्याबरोबर त्या तुकड्यावरून चालला की तुमचा तक्ता त्याचा होतो.

६. सह्या

सह्यांच्या प्रत्येक पानावर वर विषय छापा, म्हणजे पाने वेगळी पडली तरी कशासाठी आहेत ते कळेल. नाव, पत्ता, सही पुरे. मोबाइल क्रमांक फक्त दोन-तीन संपर्क व्यक्तींचे द्या, सगळ्यांचे क्रमांक टेबलाटेबलावर फिरवू नका. त्या तुकड्यावर खरोखर राहणाऱ्या पन्नास जणांच्या सह्या गावभरच्या पाचशेंपेक्षा वजनदार असतात. बायकांच्या सह्या निम्म्या तरी असाव्यात. दिवसभर त्या रस्त्याने चालतात त्याच.

७. कुठे आणि कधी द्यायचे

मूळ प्रत आयुक्तांच्या नावे, आवक-जावक विभागात. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. दालनात फोटो काढला तरी ही पोच घ्याच, पुढची सगळी लढाई त्या क्रमांकावर चालते. प्रती शहर अभियंता, प्रभाग अधिकारी आणि शहर वाहतूक शाखेला. प्रभागातले चारही नगरसेवक तुमचेच प्रतिनिधी आहेत, म्हणून चौघांनाही एकाच दिवशी प्रत द्या. एकालाच दिली की काम त्या एकाचे होते आणि बाकीचे बाजूला होतात.

वेळ चुकली तर चांगला अर्जही वर्षभर पडून राहतो. खड्डे आणि साचलेले पाणी पावसाळ्यात नोंदवा. डांबरीकरण पावसाळ्यात होत नाही, साधारण दिवाळीनंतर सुरू होते; म्हणून दुरुस्तीचा अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आत गेलेला हवा. नवा फुटपाथ हवा असेल तर पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू होण्याआधी, म्हणजे डिसेंबरपर्यंत मागणी पोचवा. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली, आणि २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले. आपल्या महापालिकेनेही तसे करावे, ही मागणी प्रत्येक निवेदनाच्या शेवटी एका ओळीत घालायला हरकत नाही. निवडणुकीची आचारसंहिता जवळ असेल तर ध्यानात ठेवा: त्या काळात नव्या कामांचे आदेश थांबतात, पण झाकण बसवायला किंवा खड्डा बुजवायला आचारसंहिता आड येत नाही.

८. पाठपुरावा

पंधरा दिवसांनी आवक क्रमांक घेऊन जा आणि कागद कोणाच्या टेबलावर आहे ते विचारा. तेवढीच भेट, पाच मिनिटांची, पण ठरावीक दिवशी. महिन्याने लेखी स्मरणपत्र. त्यानंतरही हालचाल नसेल तर ‘आपले सरकार’ या राज्य शासनाच्या तक्रार निवारण व्यवस्थेत तक्रार नोंदवा, तिथे २१ दिवसांची मुदत असते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत लोकशाही दिन असतो. त्यासाठी विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. महामार्गाचा प्रश्न असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे जा. पोलीस, परिवहन आणि बांधकाम विभाग तिथे एकाच टेबलाभोवती बसतात, त्यामुळे ‘आमच्याकडे नाही’ म्हणायला तिथे फारशी जागा राहत नाही. महामार्गावर धोका दिसला तर १०३३ हा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये पारनेरचे तत्कालीन आमदार नीलेश लंके जिल्ह्यातल्या महामार्गांच्या रखडलेल्या कामांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषणाला बसले होते. आंदोलनाचा हक्क आहेच. पण हातात आवक क्रमांक, स्मरणपत्रे आणि मोजमापे असलेल्या आंदोलनाला उत्तर द्यावेच लागते. रास्ता रोको मात्र टाळा; त्यात रुग्णवाहिकाही अडकते.

आणि दुर्दैवाने कोणी जखमी झालेच तर ही माहिती असू द्या. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीकडे दावा करायचा असतो. त्या जागेबद्दल तुम्ही आधी दिलेल्या निवेदनाची पोच तेव्हा त्या कुटुंबाच्या कामी येते.

९. काम सुरू झाल्यावर

पहिल्या दिवशी कामाचा फलक लागला आहे का पाहा: कामाचे नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत. टेप पुन्हा बाहेर काढा. फुटपाथची उंची आणि मोकळी रुंदी मोजा. चूक असेल तर काँक्रीट ओले असतानाच अभियंत्याला फोटो पाठवा, वाळल्यावर कोणी तोडत नाही. फाटकापाशी आणि चौकात उतार १ ला १२ यापेक्षा तीव्र नको, नाहीतर चाकाची खुर्ची मागे घसरते. मजुरांशी वाद घालू नका, त्यांना मापे कोणी दिलेलीच नसतात. माहिती अधिकारात वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचा हक्कही तुम्हाला आहे.

काम नीट झाले तर आयुक्तांना आणखी एक पत्र द्या, त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन. कोणत्या अभियंत्याने स्थळपाहणी केली आणि काम करून घेतले, त्याचे नाव त्यात लिहा. अशी पत्रे महापालिकेत फार थोडी येतात, आणि पुढच्या तुकड्याचा अर्ज घेऊन तुम्ही त्याच अभियंत्याकडे जाणार आहात.